जाऊ देऊ का

लोणारच्या बसस्टँडमागे माझं शिवणकामाचं दुकान आहे. दोन मशिनी, कापडाचं एक फडताळ, एक आरसा, आणि आरशाखालच्या स्टुलावर रेशमी रुमालात बांधलेले माझे पत्ते. सुरुवातीला मी सगळ्यांना बजावायची, याला टॅरो म्हणा. कोणी म्हणत नाही. आमच्याकडे पत्ते म्हणजे पत्ते, आणि ते कुठल्या झाडाखाली कोण खेळतं हेही सगळ्यांना पाठ. पहिल्या वर्षी घरमालक दोनदा उगाच डोकावून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी त्यांना बसवलं, सगळे पत्ते एकेक करून समोर मांडले आणि म्हटलं, यात बदाम राणी सापडली तर आजच दुकान खाली करते. ते चहा पिऊन गेले, पुन्हा आले नाहीत.

बावीस वर्षं मी ब्लाउज शिवतेय आणि सहा वर्षं पत्ते पाहतेय. दोन्ही कामं मला चांगली येतात. हे सांगताना मान खाली घालायची माझी रीत नाही.

पत्ते मी मोबाइलवरच्या वर्गात शिकले. शिकवणाऱ्या बाई पुण्याच्या. हुशार होत्या, जीव ओतून शिकवायच्या. फक्त मी तोंड उघडलं की त्यांना हसू यायचं आणि त्या पाण्याची बाटली तोंडाला लावून ते लपवायच्या. शेवटी एकदा त्यांनी प्रेमाने सुचवलं की लोकांशी बोलताना ‘मले, तुले’ टाळा, त्याने विश्वास बसत नाही. मी त्यांना सांगितलं, बाई, माझ्यासमोर बसणारी सुलतानपूरहून येते, पुण्याहून नाही. तिला ‘तुला’ म्हटलं की ती पदर सावरून बसेल आणि पाहुण्यांशी बोलतात तसं बोलेल. त्यांना ते पटलं की नाही कोण जाणे. मी मात्र माझंच चालू ठेवलं.

मी भविष्य सांगत नाही. लग्न कधी होईल, नोकरी लागेल का, सासरा किती दिवस काढेल, असलं विचारणाऱ्याला मी सरळ परत पाठवते. त्यासाठी गावात पुष्कळ जण बसलेत. दुखणं असेल तर डॉक्टरकडे पिटाळते. पत्ते पाहायचे ते दिवसाउजेडी, दुकानाचं दार उघडं ठेवून. आणि पत्ता मी उलटत नाही. समोरचीनेच उलटायचा आणि तिला काय दिसतं ते तिनेच आधी सांगायचं. पुस्तकात त्याचा काय अर्थ दिलाय तो मी नंतर सांगते. बऱ्याचदा सांगावाच लागत नाही. एका पत्त्यात एका पायाने उलटा टांगलेला माणूस असतो. तो बघून एक बाई म्हणाली, “एवढं उलटं टांगलं तरी तोंडावर काहीच नाही. असेच आमचे हे हायेत.” मग अर्धा तास ती नवऱ्याबद्दल जे बोलली, ते तिने आजवर भिंतीलासुद्धा सांगितलं नव्हतं. मला तेवढा वेळ फक्त गप्प बसायचं होतं. ते मला किती जड जातं, हे माझ्या घरचे सांगतील.

जो समोर नाही त्याच्याबद्दल पत्ते काढायचे नाहीत, हा माझा सगळ्यात कडक नियम. सून मनात काय धरून आहे, जावई संध्याकाळी कुठे जातो, मुलगा आपल्याला सांभाळेल का, हे विचारायला बाया लांबून येतात आणि रागावून जातात. जाऊ देत. अंगावर माप घेतल्याशिवाय मी ब्लाउज शिवत नाही. हेही मी तसंच मानते.

चिठ्ठीची पद्धत मात्र माझी स्वतःची, कोणी शिकवलेली नाही. आमच्या भागातली बाई प्रश्न घेऊन आली की आधी सोयाबीनवर बोलेल, मग भाचीच्या लग्नावर, मग गुडघ्यावर. आणि खरा प्रश्न दारात चप्पल घालताना विचारेल, तोही जाता जाता आठवल्यासारखा. माझा वेळ जायचा, शिवण पडून राहायची, डोकं फिरायचं. म्हणून मी ठरवलं की बसल्या बसल्या हातात कागद आणि पेन्सिल द्यायची. एकच ओळ, आपल्या हाताने, आपण बोलतो तशी. लिहिता येत नसेल तर मी कानात ऐकून लिहीन. ती ओळ वाचली की मी पुढे काही विचारायची नाही, लगेच पत्ते पसरायची. एका ओळीत मला सगळं कळतं, असा माझा नावलौकिक झाला होता. खरं सांगायचं तर तो मीच पसरवला होता.

मागच्या उन्हाळ्यात सुलतानपूरची एक बाई आली. चाळिशीच्या आतबाहेर, उभं कुंकू, हातात पिशवी, पिशवीत शिवायला आणलेलं काहीच नाही. म्हणजे पत्त्यांसाठीच आली होती. मी कागद दिला. तिने पेन्सिल हातात घेतली आणि बराच वेळ बाहेरच्या रस्त्याकडे बघत बसली. मग लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. शाळकरी, गोल अक्षर. वर मात्रा नीट, शेवटी ना प्रश्नचिन्ह ना काही.

“जाऊ देऊ का”

मी वाचलं आणि मला सगळं कळलं. कसला तरी जुना राग असणार, बहुतेक माहेरचा. भावांनी काहीतरी केलं असेल, मन तिथेच अडकलं असेल, आणि आता बाई विचारतेय की सोडून देऊ का. असे प्रश्न माझ्याकडे आठवड्याला दोन येतात. मी पत्ते पिसले आणि तिच्यासमोर धरले.

तिने पहिला पत्ता उलटला. त्यात एक माणूस बसलाय आणि त्याने सोन्याचं एक नाणं दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरलंय. ती म्हणाली की ह्याने लय घट्ट धरून ठेवलं, पायाखालीसुद्धा दाबून ठेवलं, ह्याला कोणी नेईल अशी भीती वाटते. दुसऱ्यात पेले मागे टाकून कोणीतरी पाठमोरं चाललंय. ती म्हणाली, हे चाललं. तिसऱ्यात होडी. ती पत्त्यावर वाकली. होडीत बाई बसलीय, तोंड दिसत नाही, पण बाईच आहे, असं म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

इतकी सरळ मांडणी मला वर्षातून एखाद्या वेळीच मिळते. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, “जाऊ दे, बाई. मूठ सोड. जाऊ दे.”

“दे म्हणता?”

“दे म्हणते.”

तिने चिठ्ठीची घडी केली, पिशवीत टाकली आणि गेली. चिठ्ठी ज्याची त्याने घेऊन जायची, हीसुद्धा माझीच पद्धत. त्या दिवशी मी फार खुशीत होते. गुणगुणत दोन साड्यांना फॉल लावले.

दहा-बारा दिवसांनी, सकाळच्या बसने एक तरुण मुलगी आली. सव्वीस-सत्तावीसची, कपाळ मोकळं, केस घट्ट बांधलेले. मी कापड कापत होते. तिने ‘बसू का’ विचारलं नाही. तीच चिठ्ठी तिने माझ्या मशिनीवर ठेवली आणि विचारलं की यावर ‘जाऊ दे’ तुम्हीच म्हणालात का. मी हो म्हटलं.

“मंग मले काऊन नाही इचारलं?”

माझा पारा चढला. माझ्या दुकानात येऊन मला असं उभ्या उभ्या विचारणारी अजून कोणी निघाली नव्हती. मी कात्री खाली ठेवली आणि म्हटलं, तुझा काय संबंध, ज्या बाईचा प्रश्न तिलाच उत्तर दिलं. ती जरासुद्धा हलली नाही. तिने चिठ्ठीतल्या पहिल्या शब्दावर बोट ठेवलं.

“ही जाऊ मी हाय,” ती म्हणाली.

मला कळायला थोडा वेळ लागला. मुलगी देतात, बहीण देतात. जाऊ देतात, हे कानाला सवयीचं नाही, म्हणून माझं मन तिकडे गेलंच नव्हतं. जुनं काही सोडून देण्याबद्दल त्या बाईने विचारलंच नव्हतं. आपली विधवा धाकटी जाऊ लग्नाला देऊ का, हे तिने विचारलं होतं. आणि मी, एका ओळीत सगळं कळणारी, जी मुलगी समोर नव्हती तिच्या आयुष्यावर बेधडक बोलून मोकळी झाले होते.

मी तिला बसवलं, पाणी दिलं. तिने सांगितलं ते असं. लग्नानंतर दीड वर्षात तिचा नवरा अपघातात गेला, त्याला आता चार वर्षं झाली. मूल नाही. आईवडील नाहीत, भाऊ त्याच्या संसारात. सासू आधीच वारलेली, त्यामुळे घरात बायकांमध्ये थोरल्या जावेचा शब्द शेवटचा. यंदा दुसरबीडहून तिला मागणी आली. मागणी घालणाऱ्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान, पहिली बायको आजारात गेलेली. माणसं चांगली, घरात सगळ्यांना पसंत. तिचे भासरे, म्हणजे थोरल्या जावेचा नवरा, बायकोला म्हणाले की तू म्हणशील तसं. आणि बायको ‘लोणारहून विचारून येते’ म्हणून माझ्याकडे आली. परत गेली ती चिठ्ठी दाखवत, की पत्त्यांत ‘जाऊ दे’ आलं, म्हणजे ही गोष्ट सोडून द्या. भासऱ्यांनी दुसरबीडला फोन करून सध्या नको म्हणून कळवलं. आता ते लोक येत्या रविवारी दुसरी मुलगी पाहायला जाणार होते. त्या दिवशी गुरुवार होता.

माझं ‘जाऊ दे’ असं तीन तोंडांचं निघालं होतं. मी म्हटलं, राग सोड. तिने ‘दे म्हणता?’ असं विचारलं, म्हणजे जाऊ लग्नाला द्यायची का. आणि घरी पोचेपर्यंत त्याचं झालं, विषय सोडा. आपल्या भाषेचा मला फार अभिमान, आणि तिच्यातल्याच दोन साध्या शब्दांनी मला तोंडघशी पाडलं.

मी त्या मुलीला विचारलं की आपण आता तुझे पत्ते पाहू या का, तू समोर आहेस.

“मले पत्ते नाही पाह्याचे,” ती म्हणाली. “मले काय पाह्यजे ते मले मालूम हाय.”

मग ती थोडी सैल झाली. तो माणूस दोनदा घरी आला होता. दुसऱ्या वेळी सगळ्यांसमोर त्याने तिला विचारलं होतं की तुम्हाला काय करायला आवडतं. तिला उत्तरच आलं नाही, कारण चार वर्षांत तिला तसं कोणी विचारलं नव्हतं. रात्रंदिवस ती त्या प्रश्नाचाच विचार करत होती आणि आता तिच्याकडे उत्तर होतं, पण ते सांगायला माणूस राहिला नव्हता. मला माझी मनापासून लाज वाटली.

पण लाज वाटून घेत बसण्यात काही अर्थ नसतो. शिवण चुकली तर मी ती गिऱ्हाईकासमोर उसवते, कोपऱ्यात लपून नाही. मी मशिनीवर कापड टाकलं, दाराला कुलूप लावलं आणि तिला म्हटलं, चल. ती घाबरली. जाऊबाईंना न सांगता आली होती. मी म्हटलं, चूक मी केली, बोलणार मी, तू फक्त सोबत राहा. मेहकरकडे जाणारी बस लागलेलीच होती. सुलतानपूर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी मनातल्या मनात बोलायची तयारी करत होते. तयारी उत्तम झाली होती.

थोरली ओसरीत एकटीच उडदाचे पापड लाटत बसली होती. एका घमेल्यात पीठ, ताटात तेल लावलेल्या लाट्या, बाजूला जुन्या साडीवर पसरलेले पापड. ते काम दोघींचं असतं, एकटीने करायला घेतलं की हाताची पार वाट लागते. आम्हा दोघींना एकत्र बघून तिचं लाटणं थांबलं. धाकटी पाणी आणायला आत गेली. मी पदर खोचला, समोर बसले, दुसरं लाटणं उचललं आणि लाटता लाटताच सगळं सांगितलं. तुमची चिठ्ठी मी चुकीची वाचली. मी राग सोडायचं म्हणत होते. तुमच्या जावेबद्दल मी काहीच सांगितलेलं नाही, सांगूच शकत नाही, ती माझ्यासमोर नव्हती. त्यामुळे पत्त्यांचं नाव यात घेऊ नका. तुमच्या घरात तुम्ही काय ठरवायचं ते ठरवा, पण ते माझ्यावर टाकू नका, आणि ठरवायच्या आधी जिचं लग्न तिला विचारा.

चांगलं बोलले मी. आता ती ओशाळेल, माझा शब्द कळला नाही म्हणेल, आणि मीच तिची समजूत घालेन, असं मी धरून चालले होते.

तिने हातातला पापड साडीवर टाकला. बोटांचं तेल पदराला पुसलं.

“ताई, मले बराबर समजलं होतं,” ती म्हणाली. “तुमी दे म्हणल्या. म्या दोनदा इचारलं, तुमी दोनदा दे म्हणल्या. बसमधे बसली तवा मनात पक्कं होतं, की द्याची. घर जवळ आलं तसं मले होईना. घरी येऊन म्या दुसरंच सांगतलं.”

मी गप्प झाले. या वेळी मला ते जड गेलं नाही.

मग ती खाली बघत सांगत राहिली. नवरा चांगला आहे, पण दिवसभर शेतात, आणि घरात आला की दोन शब्दांच्या वर बोलत नाही. सासू गेली तेव्हा ती एकटी पडली. मग ही धाकटी आली, आणि घरात बोलायला माणूस आलं. दीर गेला त्या दिवसापासून दोघी एका खोलीत झोपतात. स्वयंपाक, धुणं, शेत, दवाखाना, सगळं दोघींनी. हिच्याशिवाय तिने चार वर्षांत एकटीने चहासुद्धा प्यायलेला नाही. लोक म्हणतील जावेचं नशीब पुन्हा उभं राहिलं तर थोरलीच्या पोटात दुखलं. तसं नाही. दुसरबीड काही लांब नाही हेही तिला कळतं. पण सकाळी उठल्यावर ही शेजारच्या अंथरुणावर नसणार, हे तिला सहन होत नव्हतं. म्हणून तिने कागदावर लिहिलं आणि माझ्याकडून ‘नको’ ऐकायला आली. मी दे म्हटल्यावर तिने ते ‘नको’ स्वतःच तयार केलं.

पत्ते पाहताना मी काय केलं होतं, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. तिचा प्रश्न जावेच्या लग्नाचा होता, आणि तरी पत्ते तिच्याबद्दलच निघाले होते. छातीशी आवळून धरणारी ती होती, आणि ते तिने पत्ता उलटताच स्वतःच्या तोंडाने सांगितलंही होतं. फक्त मी तेव्हा ऐकण्यापेक्षा माझ्या हुशारीवर जास्त खूश होते. आता चिठ्ठी वाचली की मी ती परत समोरचीच्या हातात देते आणि सांगते, हे मला तोंडाने सांग. थोडा वेळ जातो. सोयाबीन, भाचीचं लग्न, गुडघा, सगळं ऐकते.

धाकटी पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती पुढे आली नाही, रडली नाही.

“बाई,” ती थोरलीला म्हणाली, “मले जायचं हाय.”

थोरलीने मान डोलावली. मग मी बोलले, कारण कोणीतरी बोलायला हवं होतं आणि रविवार तीन दिवसांवर होता. म्हटलं, फोन लावा. ती म्हणाली, हे शेतातून आले की लावतील. मी म्हटलं, नाही म्हणायला लावलं तुम्ही, आता हो पण तुम्हीच म्हणा. तिने माझ्याकडे रागाने बघितलं. तो राग मी आनंदाने घेतला.

धाकटीने फडताळावरचा मोबाइल आणून तिच्या पुढ्यात ठेवला. थोरलीचे हात पुन्हा तेलाचे झाले होते, म्हणून नंबर धाकटीनेच लावला आणि स्पीकर सुरू करून ती मागे सरकली. पलीकडे त्या माणसाची आई होती. थोरलीने नमस्कार केला, गावाकडचं, पाण्याचं विचारलं. मी डोळे मोठे केले तेव्हा ती मुद्द्यावर आली.

“मागं आमी नाही म्हणलं, ते माह्यामुळं म्हणलं,” ती म्हणाली. “तुमी रविवारी तिकडं नका जाऊ. आमाले आमची मुलगी तुमच्या घरी द्याची हाय.”

मग त्या बाईंनी जरा गोंधळून विचारलं, कोणाची मुलगी.

थोरलीने धाकटीकडे बघितलं.

“माही,” ती म्हणाली.